अश्वशिक्षक विष्णुपंत छत्रे

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या सडकेनें एके सायंकाळीं आम्ही वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांसह पायीं चाललों होतों. पावसाळा सरला होता आणि धनगरांचे वाडे कोंकणांत उतरण्याच्या तयारींत होते. सडकेच्या कडेला एका मोकळ्या वावरांत सोळासतरा वर्षांचा एक धनगर मुलगा तरण्याबांड घोड्यावर बसून त्याला चाल शिकवीत होता. निदान तसा त्याचा प्रयत्न होता. घोडा बळकट होता व त्याच्या अंगांत रग मावत नव्हती. मुलानें दोन्ही हातांनीं लगाम ओढावा, त्यासरशी घोड्यानें मान ताणून अधिकच धांव घ्यावी. मुलानें चिडून चाबूक मारावा, घोड्यानें उसळी घ्यावी. असा प्रकार बराच वेळ चालला होता. आमच्या विद्यार्थ्यांना त्याची मोठी मौज वाटत होती.

इतक्यांत झाडाखालीं बसलेला एक वृद्ध मनुष्य, बहुधा त्या मुलाचा आजा, उठून जवळ आला. तो ओरडला नाहीं कीं त्यानें घोड्यावर हातही उगारला नाहीं. मुलाला खालीं उतरवून त्यानें घोड्याच्या मोहरकीला एक लांब दोर बांधला, आपण मध्यें उभा राहिला आणि घोड्याला आपल्याभोंवतीं वाटोळें फिरूं दिलें. घोडा प्रथम उधळला, मग दुडक्या चालीनें धांवूं लागला, मग सावकाश पावलें टाकूं लागला. त्याची ताठ मान खालीं आली. पंधरावीस मिनिटांनीं तोच मुलगा त्याच घोड्यावर बसून त्याच वावरांत संथपणें फिरत होता.

परत येतांना एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें कीं, तरुण मनगटाला जें साधलें नाहीं तें म्हाताऱ्याच्या थरथरत्या हाताला कसें साधलें? आम्हीं त्याला त्या वेळीं थोडक्यांत कांहीं सांगितलें. परंतु या प्रश्नाचें खरें उत्तर एका मराठी पुरुषाच्या चरित्रांत सांपडतें, आणि तें आमच्या वाचकांपुढें ठेवावें म्हणून आज लेखणी हातीं घेतली आहे.

हा प्रश्न आपल्या भागांतील मुलानें विचारावा हें साहजिकच होतें. भीमा व नीरा या दोन नद्यांमधला हा मुलूख पूर्वीपासून घोड्यांचा मुलूख आहे. बारामती ज्यांत मोडत असे त्या जुन्या तालुक्याचें नांवच भीमथडी होतें, आणि भीमेच्या थडीवर निपजणाऱ्या घोड्यालाही तेंच नांव मिळालें. उंचीनें बेताचा, अंगानें चिवट, थोडक्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारा असा हा घोडा मराठ्यांच्या फौजांचा मोठा आधार होता. मालोजीराजे भोसले ज्या इंदापुरांत लढतां लढतां पडले असें सांगतात, त्या इंदापुराच्या माळानें किती घोड्यांच्या टापा ऐकल्या असतील याची गणती नाहीं. पुढें फौजा गेल्या, पागा मोडल्या. परंतु धनगरांनीं हा घोडा राखला. त्यांचीं बिऱ्हाडें, कोंकरें आणि लेकरें त्याच्याच पाठीवरून गांवोगांव गेलीं. अलीकडे या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली आहे.

परंतु घोडा पदरीं असणें ही एक गोष्ट आणि घोडा शिकविणें ही दुसरी. या दुसऱ्या विद्येंत ज्यानें आपलें नांव देशभर केलें तो पुरुषही आपल्याच पाण्याच्या वाटेवरचा आहे. आपली नीरा नरसिंगपुराजवळ भीमेस मिळते आणि भीमा पुढें कृष्णेस मिळते. त्याच कृष्णेच्या कांठीं, आजच्या सांगली जिल्ह्यांत, अंकलखोप नांवाचें गांव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीं कांहीं वर्षें तेथें विष्णु मोरेश्वर छत्रे यांचा जन्म झाला.

तो काळ संस्थानिकांचा होता. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड अशीं पटवर्धनांचीं संस्थानें त्या भागांत जवळजवळ होतीं. लढाया संपल्या होत्या, तरी संस्थानिकांच्या पागा नांदत होत्या. चांगला घोडा व त्यावर मांड ठोकून बसणारा चांगला स्वार यांची चहा अजून कमी झाली नव्हती. विष्णुपंतांचा ओढा पोथीपुस्तकांपेक्षां दोन गोष्टींकडे अधिक होता: एक घोडा आणि दुसरें गाणें. ब्राह्मण कुळांतील मुलानें भिक्षुकी किंवा कारकुनी करावी अशी ज्या काळीं अपेक्षा असे, त्या काळीं हे दोन्ही छंद वडीलधाऱ्यांस कितपत रुचले असतील याची कल्पना आमच्या वाचकांतील पालकांनीं करावी.

हे छंद पुरे करण्यासाठीं विष्णुपंत शेंकडों मैल दूर ग्वाल्हेरीस गेले. तेथें जयाजीराव शिंदे यांची राजवट होती. शिंद्यांच्या त्या राजधानींत त्यांना दोन गुरु लाभले. अश्वविद्येंत त्यांनीं बाबासाहेब आपटे यांचें शिष्यत्व पत्करिलें आणि गायनांत हद्दूखां यांचें. ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीचा विस्तार ज्या दोघां भावांनीं केला त्या हस्सूखां-हद्दूखांपैकीं हे एक होत. सकाळीं घोड्याची रपेट आणि मग तंबोऱ्याची जुळणी, या दोन विद्या वरवर पाहतां किती भिन्न! परंतु थोडा विचार केला असतां त्यांचें नातें ध्यानांत येतें. घोडा सावकाश चालतो तेव्हां त्याच्या टापा चार मात्रांनीं पडतात. दुडकींत तिरपे दोन दोन पाय एकदम पडून दोन मात्रा होतात. मंद दौडींत तीन ऐकूं येतात. कोणता पाय केव्हां उचलला गेला हें ज्याच्या कानाला व बैठकीला समजत नाहीं, त्यानें दिलेला इशारा अवेळीं पडतो आणि घोडा गोंधळतो. गवयाला समेची जशी जाण लागते तशी अश्वशिक्षकालाही लागते.

आतां या विद्येचें मर्म काय तें थोडें विस्तारानें पाहूं. कारण विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे.

तरणा घोडा हट्टी कां होतो? पुष्कळदां तो हट्टी नसतोच. त्याला चंदी भरपूर मिळते व काम थोडें. अंगांत सांठलेलें बळ कोठें तरी बाहेर पडूं पाहतें. कधीं खोगीर नीट न बसल्यानें पाठ सोललेली असते, कधीं दाढेची तीक्ष्ण कड गालाला बोंचत असते, कधीं नुसती भीति असते. मॅसिडोनियाचा राजपुत्र अलेक्झांडर यानें बुकेफालस नांवाचा अनावर घोडा कसा वश केला ती कथा प्लुटार्क या ग्रंथकारानें लिहून ठेविली आहे. मोठमोठे स्वार हरले, परंतु घोडा आपल्याच सावलीला बुजतो एवढें त्या मुलानें पाहिलें, आणि त्याचें तोंड सूर्याकडे वळविलें. चांगला अश्वशिक्षक चाबूक शोधण्यापूर्वीं कारण शोधतो. खोगीर उतरवून पाठीवरून हात फिरवितो, तोंड उघडून पाहतो, दाण्याचें माप कमी करतो व काम वाढवितो.

दुसरी गोष्ट लगामाची. घोड्याचे पुढचे दांत आणि मागच्या दाढा यांच्यामध्यें दांत नसलेली जागा असते. लगामाचें लोखंड तेथें बसतें. ती जागा फार हळवी असते. स्वारानें लगाम एकसारखा ओढून धरिला तर घोडा त्या ओढीवर आपला भार टाकतो आणि उलट ओढूं लागतो. सुमारें दहा मण वजनाच्या जनावराशीं दोन मण वजनाच्या माणसानें दोरखेंच मांडली तर हरणार कोण, हें सांगावयास नको. शिवाय रोजच्या ओढीनें ती जागा बधिर होते आणि घोडा जन्माचा तोंडाळ बनतो. म्हणून जाणता स्वार खेंचीत नाहीं. तो किंचित् धरतो आणि घोड्यानें किंचित् मानलें कीं तत्क्षणीं सोडतो. ही सोडच घोड्याचें बक्षीस होय. धरणें कोणालाही येतें. नेमक्या क्षणीं सोडणें यांतच विद्या आहे. ओढण्यासाठीं पलीकडे कोणी उरलेंच नाहीं म्हणजे घोडाही ओढणें सोडून देतो.

तिसरी गोष्ट वर्तुळाची. तिला आपल्या जुन्या भाषेंत कावा म्हणतात. लांब दोरीवर किंवा स्वाराखालीं घोड्याला वाटोळा फिरविला म्हणजे त्याला सरळ पळत सुटतां येत नाहीं. परंतु त्याला कोणी थांबविलें असेंही होत नाहीं. त्याला पळावयाचें आहे ना? मग त्यानें पळावें, पण या रेषेवर. वळतांना त्याचा आंतला मागचा पाय पोटाखालीं अधिक यावा लागतो, पुढच्या अंगावरचा भार मागच्या अंगावर जातो, मान मऊ होते, आणि जी शक्ति मघां उधळण्यांत जात होती ती तोल संभाळण्यांत खर्च होऊं लागते. मग वर्तुळ कधीं लहान, कधीं मोठें. कधीं डावीकडून, कधीं उजवीकडून, कारण माणसाप्रमाणें घोड्याचीही एक बाजू अवघडलेली असते. कधीं दुडकीवरून पाऊलचाल, कधीं पाऊलचालीवरून थांबा. अशा वारंवार बदलांत मन गुंतलें म्हणजे घोड्याला हट्ट आठवत नाहीं. धडा लहान असावा आणि घोड्यानें एखादी गोष्ट चांगली केली कीं तेथेंच तो संपवावा. आजच्या थकव्यानें मिळविलेला विजय उद्यां टिकत नाहीं. घोडा फक्त अधिक दमदार होऊन परत भांडावयास येतो.

चवथी गोष्ट स्वाराची स्वतःची. सुमारें २४०० वर्षांपूर्वीं अथेन्सच्या झेनोफन या सेनानीनें घोड्यांविषयीं एक ग्रंथ लिहिला. रागाच्या भरांत घोड्याजवळ जाऊंच नये, आणि बळजबरीनें करविलेल्या कृतींत सौंदर्य नसतें, असा त्याचा अभिप्राय आहे. स्वाराची मांड सैल असेल, श्वास कोंडलेला असेल, हात मनाबरोबर थरथरत असेल, तर तें सर्व घोड्याच्या पाठीला समजतें. ज्याला स्वतःवर स्वार होतां आलें नाहीं त्यानें दुसऱ्यावर काय स्वार व्हावें?

ही विद्या आत्मसात् करून विष्णुपंत आपल्या मुलखीं परतले आणि कुरुंदवाडच्या संस्थानांत पागेचे प्रमुख व अश्वशिक्षक म्हणून राहिले. पंचगंगा व कृष्णा यांच्या संगमाजवळचें हें लहानसें संस्थान. तेथें विष्णुपंत स्वस्थ राहिले असते तर आपल्या धन्याचे घोडे उत्तम शिकवून एक गुणी नोकर म्हणून त्यांनीं आयुष्य संपविलें असतें, आणि आज त्यांचें नांव कोणास ठाऊक नसतें. परंतु तसें व्हावयाचें नव्हतें.

१८७९ च्या सुमारास ज्युसेप्पे चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. चिआरिनी हा जुन्या सर्कसवाल्यांच्या घराण्यांतला व स्वतः नामांकित अश्वशिक्षक होता. देशोदेशीं त्याचे खेळ झाले होते. विष्णुपंत आपल्या संस्थानाधिपतींसह ते खेळ पाहण्यास गेले. असें सांगतात कीं, हिंदुस्थानांत सर्कस नाहीं आणि इतक्यांत ती निघणेंही शक्य नाहीं, अशा आशयाचे उद्गार त्या वेळीं चिआरिनीनें काढिले. तें विष्णुपंतांच्या जिव्हारीं लागलें. घोड्यांवर चालणाऱ्या फौजांनीं ज्या लोकांनीं अटकेपर्यंत मजल मारली, त्यांच्या नातवंडांना घोडा शिकवितां येत नाहीं हें ऐकून घेणें त्यांना जड गेलें.

येथें विष्णुपंतांच्या स्वभावाची परीक्षा झाली. अपमान झालेला मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक करतो: चडफडत बसतो किंवा भांडावयास जातो. उधळलेल्या घोड्याचीही हीच रीत आहे. विष्णुपंतांनीं आपला राग कामाच्या रेषेवर आणला. त्यांनीं घोडे निवडले, माणसें जमविलीं, त्यांना शिकविलें, आणि संस्थानिकांच्या पाठिंब्यानें आपली स्वतःची सर्कस उभी केली. २० मार्च १८८० हा तिच्या पहिल्या खेळाचा, आणि म्हणून भारतीय सर्कशीच्या जन्माचा दिवस मानला जातो. तिचें नांव ग्रेट इंडियन सर्कस असें होतें.

सर्कशीचें रिंगण वाटोळें कां असतें याचा विचार आमच्या बालवाचकांनीं कधीं केला आहे काय? इंग्रजी फौजेंतील फिलिप अॅस्टली नांवाचा एक घोडे शिकविणारा स्वार १७६८ सालीं लंडनमध्यें घोड्यांवरील कसरती दाखवूं लागला. घोडा वर्तुळांत एकाच गतीनें धांवत असला म्हणजे तो थोडा आंत झुकतो, व पाठीवर उभा राहिलेला स्वारही त्याच्याबरोबर झुकून आपला तोल राखूं शकतो, हें त्यानें पाहिलें. वर्तुळ फार लहान असेल तर घोड्याला वळणें जड जातें, फार मोठें असेल तर तोलाला आधार मिळत नाहीं. पुढें ४२ फूट, म्हणजे सुमारें १३ मीटर, हा व्यास ठरला आणि जगभर तो रूढ झाला. याचा अर्थ असा कीं, सर्कशीचें रिंगण म्हणजे दुसरें कांहीं नसून आपला कावाच होय. धनगर म्हाताऱ्यानें वावरांत दोरीनें जें वर्तुळ काढिलें तेंच विष्णुपंतांनीं तंबूखालीं काढिलें.

त्या रिंगणांत विष्णुपंत स्वतः घोड्यांचीं कामें करीत. त्यांच्या पत्नीही झुल्यावरचीं कामें करीत असें सांगतात. कुलीन स्त्रीनें उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणेंही ज्या काळीं कठीण होतें, त्या काळीं हें केवढें धाडस! सर्कशीनें देशभर फिरती केली. सिंहलद्वीप व त्यापलीकडील पूर्वेकडचे देशही तिनें पाहिले. १८८७ च्या सुमारास मलबारांत तेल्लिचेरी येथें विष्णुपंतांची कीलेरी कुंञिकण्णन या तालीमबाज शिक्षकाशीं गांठ पडली. तेथल्या कळरी विद्येंत तयार झालेल्या मुलांना कसरत शिकवून सर्कशीस द्यावें, अशी योजना त्या भेटींतून निघाली. पुढें कुंञिकण्णन यांनीं तेल्लिचेरीजवळ शाळा काढिली आणि भारतीय सर्कशींतील कसरतपटूंचें तें माहेरच बनलें. इकडे कृष्णाकांठींही कार्लेकर, देवल अशा सर्कशी निघाल्या. एका माणसानें गिळलेला राग किती लोकांच्या अन्नास कारण झाला पहा!

येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. त्या काळच्या सर्कशींत वाघ-सिंहादि रानटी पशूही असत, आणि त्यांना शिकवितांना सर्वत्र दयेचेंच राज्य होतें असें कोणी म्हणणार नाहीं. १९९८ सालीं वाघ, सिंह, अस्वल, माकड इत्यादि प्राण्यांचे खेळ करण्यास आपल्या देशांत बंदी झाली, आणि ती योग्यच झाली. ज्या जनावराचा माणसाशीं हजारों वर्षांचा स्नेह आहे तें वेगळें आणि ज्याला केवळ भीतीनें दाबून ठेवावें लागतें तें वेगळें. विष्णुपंतांच्या कीर्तीचा पाया घोडा हा होता, आणि आमचा विषयही तोच आहे.

परंतु विष्णुपंतांची खरी थोरवी आम्हांस एका निराळ्याच प्रसंगांत दिसते. त्यांचे गायनगुरु हद्दूखां यांचा रहिमतखां नांवाचा एक मुलगा होता. ईश्वरानें त्याला असा गळा दिला होता कीं लोक पुढें त्याला भूगंधर्व म्हणूं लागले. परंतु मन ताब्यांत नाहीं, अफूचें व्यसन, वडील व भाऊ निवर्तलेले, अशा स्थितींत हा गुणी मनुष्य भ्रमिष्टासारखा काशींत भटकत होता. तेथें विष्णुपंतांना तो आढळला. गुरुपुत्राची ती दशा पाहून त्यांनीं त्याला आपल्याजवळ आणिलें. सर्कशीबरोबर रहिमतखांही गांवोगांव हिंडूं लागले आणि विष्णुपंतांच्या पुढाकारानें त्यांच्या गाण्याच्या बैठकी होऊं लागल्या.

विचार करा, वाचकहो! ज्याची लहर केव्हां फिरेल याचा नेम नाहीं, ज्याला पैशाची ओढ नाहीं कीं मानाची चाड नाहीं, अशा माणसाला कोणत्या चाबकानें गावयास लाविलें असतें? बळजबरी केली असती तर गळा कायमचा मिटला असता. मोकळें सोडिलें असतें तर काशीच्या घाटावर त्याची माती झाली असती. विष्णुपंतांनीं त्याला धरिलें, पण आवळिलें नाहीं. त्याची लहर संभाळिली, त्याच्या भोंवतीं नियमित जेवणाचें, मुक्कामाचें आणि मायेचें एक वर्तुळ आंखिलें, आणि त्या वर्तुळांत तो दैवी आवाज पुन्हा फिरूं लागला. घोड्यांकडून शिकलेली विद्या येथें माणसाच्या उपयोगीं पडली.

विसाव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत विष्णुपंतांचें देहावसान झालें. त्यांचे धाकटे बंधु काशिनाथपंत यांनीं सर्कशीचा कारभार पाहिला आणि रहिमतखांनाही अंतर दिलें नाहीं. १९२२ सालीं कुरुंदवाडासच रहिमतखांनीं देह ठेविला. त्यांच्या अखेरच्या दिवसांत ग्रामोफोनवर घेतलेल्या त्यांच्या गाण्याच्या कांहीं तबकड्या आजही ऐकावयास मिळतात. ज्यांना त्या ऐकण्याचा योग येईल त्यांनीं त्या स्वरामागें एका अश्वशिक्षकाचा हात आहे हें स्मरावें.

घोड्याची ही शाळा अद्याप बंद पडलेली नाहीं. युरोपांत तिचेंच परिष्कृत रूप ड्रेसाज या नांवानें चालतें, आणि १९१२ च्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांपासून त्याची स्पर्धाही होते. २०२३ सालीं चीनमधील हांगझौ येथील आशियाई सामन्यांत या प्रकारांत आपल्या देशाच्या चमूनें सुवर्णपदक मिळविलें. त्यांत मुंबईचा हृदय छेडा हा तरुणही होता. घोडदौडीच्या कोणत्याही प्रकारांत भारताला तब्बल ४१ वर्षांनीं असें पदक मिळालें. या खेळांत कोणाचा घोडा अधिक वेगानें धांवला हें पाहत नाहींत. अंगांत सर्व वेग असूनही तो किती हलक्या इशाऱ्यानें थांबतो, वळतो व चालतो, हें पाहतात.

आतां शेवटीं पालकांशीं आणि स्वतःशीं चार शब्द. शिक्षकाच्या धंद्यांत पडून आम्हांस वीस वर्षांहून अधिक काळ झाला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्या वर्गांत एक मुलगा होता. अंगानें धट्टाकट्टा, बुद्धीनें तल्लख, पण स्वस्थ बसणें त्याला ठाऊक नव्हतें. सांगितलें तें न करणें हाच जणूं त्याचा नेम. याची रग जिरविल्याखेरीज हा शिकणार नाहीं असा आम्हीं निश्चय केला. बांकावर उभें केलें, छड्या दिल्या, चार मुलांदेखत टाकून बोललों. जों जों आम्हीं ओढिलें तों तों त्यानेंही ओढिलें. एके दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. दुसऱ्या दिवशींही आला नाहीं. पुढें तो आलाच नाहीं. महिना संपल्यावर हजेरीपटावरून त्याचें नांव आम्हीं स्वतःच्या हातानें कमी केलें. त्या वेळीं वर्ग शांत झाला म्हणून आम्हांस समाधान वाटलें होतें हें सांगतांना आज लाज वाटते. त्या मुलाचें बळ हेंच त्याचें भांडवल होतें, आणि आम्हीं त्याला एकही वर्तुळ आंखून दिलें नव्हतें.

म्हणून त्या सायंकाळीं इंदापूरच्या सडकेवर जेव्हां आमचे विद्यार्थी हंसत होते, तेव्हां आम्हांस हंसूं आलें नाहीं. ज्या पालकांच्या घरीं असें एखादें उधळणारें मूल आहे, त्यांनीं तें आपल्या नशिबाचा फेरा समजूं नये. त्याची रग मोडूं नये. तिला काम द्यावें, मर्यादा द्यावी, आणि त्यानें थोडें ऐकिलें कीं आपणही थोडें सोडावें. आणि विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, दोर हातांत धरणारा म्हातारा त्या घोड्याचा वैरी नव्हता. तो दोर नसता तर तो घोडा कोठल्या तरी खड्ड्यांत पाय मोडून पडला असता. ज्या दिवशीं घोडा दोरावांचूनही त्याच वर्तुळांत आपल्या आनंदानें फिरूं लागतो, त्या दिवशीं त्याचें शिक्षण पुरें झालें असें समजावें. विष्णुपंत छत्र्यांनीं आपल्या घोड्यांना, आपल्या सहकाऱ्यांना, आपल्या गुरुपुत्राला आणि सर्वांआधीं आपल्या स्वतःच्या रागाला हेंच शिकविलें, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आमच्याजवळ याहून दुसरें उत्तर नाहीं.